मुंबई–लंडन : अंतर एकच, मग वेळ वेगळा का?

प्रश्न : मुंबई–लंडन अंतर सुमारे 7,200 किमी दाखवतात. विमान ताशी 900 किमी वेगाने जातं, म्हणजे आठ तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना दहा तास आणि येताना साडेआठ-नऊ तास दिसतात. असं का? (वाचक, सांगली)

उत्तर : 7,200 किमी हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर आहे. हा दोरा सिंध-बलुचिस्तान, इराण, कॅस्पियनचं दक्षिण टोक, कॉकेशस आणि क्रिमियावरून जातो. युक्रेनचं आकाश 24 फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननेही एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. मग अरबी समुद्र, आखात, तुर्कस्तान असा वळसा पडतो. 400 किमी वाढले की अर्धा तास गेलाच.

दुसरं कारण वारा. दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. 900 हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीवरून मोजलेला वेगळा. समजा सरासरी वारा ताशी 60 किमी आहे. जाताना वेग 840 राहतो आणि 7,200 किमीला 8 तास 34 मिनिटं लागतात. येताना 960 मिळतो, साडेसात तासांत काम होतं. जाताना गमावलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही, हेही लक्षात घ्या: दोन्ही मिळून सोळा तासांपेक्षा चार मिनिटं जास्तच.

त्यात तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण, लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायला जागा मिळेपर्यंत आकाशात मारलेल्या घिरट्या, असे तीस-चाळीस मिनिटं धरून ठेवा. कंपन्या वेळापत्रकात थोडी ढील ठेवतातच, म्हणून कधी विमान 'वेळेआधी' पोहोचतं.

प्रश्न : तिकिटावरून खरा प्रवासवेळ कसा काढायचा? (वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही वेळा स्थानिक असतात, सरळ वजाबाकी केली की चुकतंच. आधी दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो.

हिवाळ्यातलं उदाहरण: मुंबईहून रात्री 2:00 ला निघून लंडनला सकाळी 6:30 ला पोहोचलात. 6:30 अधिक साडेपाच, म्हणजे भारतात दुपारचे 12:00. प्रवास दहा तास. परतीला लंडन रात्री 9:30, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30. निघताना भारतात पहाटेचे 3:00 होते, म्हणजे साडेआठ तास. पोहोचण्याच्या वेळेपुढे छापलेला '+1' हा दुसरा दिवस असतो. तो न पाहता विमानतळावर आणायला येणारा माणूस एक दिवस आधीच हजर होतो.