बोलायचं असेल तेव्हा हेलिकॉप्टर सरळ उडवा

प्रश्न असा आहे: ‘हेलिकॉप्टरमध्ये रेडिओ आणि लॅपटॉप बसवून तिथूनच लढाई चालवता येत असेल, तर जमिनीवर कमांड पोस्ट कशाला हवी?’

‘बसवून’ हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे रेडिओ-संपर्काच्या शाखेत, २२ वर्षं काढली, त्यातली निम्मी हेडसेट कानाला लावून. बसवायला काय, दोन पट्टे आणि चार बोल्ट लागतात. ऐकू येणं ही वेगळीच गोष्ट आहे.

हेलिकॉप्टरचा फायदा एकच, पण जबरदस्त: उंची. व्हीएचएफला, म्हणजे आमच्या नेहमीच्या रेडिओच्या लहरींना, समोरचा ‘दिसावा’ लागतो. सपाट मैदानात गाडीवरच्या दोन मीटर अँटेना एकमेकींना दहा-बारा किलोमीटरपर्यंत भेटतात. तोच सेट ३०० मीटर वर न्या, क्षितिज सत्तरेक किलोमीटरवर जातं. व्हिएतनाममध्ये अमेरिकन कमांडर ह्यूई हेलिकॉप्टरात बसून नेट (रेडिओवरचं जाळं) चालवायचे ते याच जोरावर. पुढे त्यांनी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या पोटात स्क्रीन, सॅटेलाइट सेट असं सगळं घातलं.

आता आमचं ऐका. नव्वदच्या दशकातला राजस्थानातला युद्धसराव. मी खाली कंट्रोल सेटवर, कमांडर साहेब वर चेतक हेलिकॉप्टरमध्ये. सकाळी रेडिओ चेक उत्तम. पण साहेब आमच्या डोक्यावर घिरट्या घालत हुकूम द्यायला लागले की वाक्य अर्ध्यात तुटायचं. ‘दोन नंबरला डावीकडून...’ आणि पुढे नुसती खरखर. मी ‘से अगेन’, ते पुन्हा, पुन्हा खरखर. तिसऱ्यांदा ‘से अगेन’ म्हटल्यावर जे ऐकू आलं ते मात्र स्वच्छ होतं, इथे लिहीत नाही.

संध्याकाळी आमच्या सिग्नल ऑफिसर साहेबांनी निकाल दिला: ऑपरेटरची चूक. दुसऱ्या दिवशी वाळूत पिठ्ठू, म्हणजे पाठीवर ओझं घेऊन पळायची शिक्षा. तेव्हा रागाने लॉगशीट घेऊन पायलट साहेबांकडे गेलो. त्यांनी वाक्यं तुटल्याच्या वेळा वाचल्या, हसले आणि चहाचा मग खाली ठेवला. म्हणाले, हा मग म्हणजे तू. नंतर तळहात पालथा धरून मगाभोवती डाव्या अंगाने फिरवला, आतल्या बाजूला तिरका करून. ‘अँटेना माझ्या पोटाला आहे. सांग, पोट कुठे बघतंय?’ मगाच्या उलट दिशेला बघत होतं. साहेबांना आम्ही नीट दिसावं म्हणून मशीन आमच्याकडे कलायचं, आणि नेमकी तेव्हाच अँटेना आमच्याकडे पाठ करायची. म्हणजे जितकं चांगलं दिसणार, तितकं वाईट ऐकू येणार! इलाज फुकटचा: बोलायचं असेल तेव्हा सरळ उडा.

एका सेटची ही कथा. लॅपटॉपसाठी डेटाचा एक, वायुदलाशी बोलायला एक, असे करत तीन-चार सेट भरा. अँटेना हातभर अंतरावर. एकाने प्रेसल (बोलायचं बटण) दाबला की शेजारचा बहिरा. ज्यांना वाटतं सॉफ्टवेअर आणलं की झालं (माझा पुण्यातला भाचा त्यातलाच), त्यांनी एकदा हे ऐकून यावं.

कमांड पोस्टचं म्हणाल तर चेतक दोन-अडीच तासांत तेलाला उतरतं, लढाई उतरत नाही. शिवाय वर बसलं की ढवळाढवळीची खाज सुटते. व्हिएतनाममध्ये बटालियनवाल्याच्या डोक्यावर ब्रिगेडवाला, त्याच्यावर डिव्हिजनवाला, आणि खाली झाडीत कंपनी कमांडर तिघांना उत्तरं देतोय! आपले जनरल सगतसिंग १९७१ च्या डिसेंबरात हेलिकॉप्टरमधून मेघना नदी स्वतः बघून आले, वर असताना गोळीबारही झाला, आणि मग एमआय-४ हेलिकॉप्टरांमधून फौज पलीकडे उतरवली. वर जायचं ते बघायला. मी तरी एवढंच मानतो.

हां, आता वर-खाली दोन अँटेना लावतात, सॅटेलाइट आहे, डिजिटल सेट आहेत; माझं ज्ञान चेतकच्या काळातलं आहे, हे धरून चला.

आणि सिग्नल ऑफिसर साहेब, माजी सैनिकांच्या ग्रुपवर तुम्ही अजूनही ‘ऑपरेटर ट्रेनिंग’वर लिहिता, म्हणून सांगतो. लॉगशीट जमा केली होती, पण वेळा पाठ आहेत. १०:४२, १०:४७, १०:५३. तिन्ही वेळा मशीन डावीकडे वळत होतं.