बाबांच्या वहीला उत्तर का येत नाही?

प्रश्न: सर, माझे बाबा रिटायर्ड फिटर आहेत, शिक्षण आयटीआय. गेली अकरा वर्षं ते कंपास आणि बिनखुणांच्या पट्टीने कुठल्याही कोनाचे तीन सारखे भाग करायच्या मागे आहेत आणि आता त्यांच्या मते ते जमलंय. दोन कॉलेजांना आणि एका युनिव्हर्सिटीला रजिस्टर पोस्टाने कागद पाठवले, पोच आली, उत्तर नाही. "डिग्री नाही ना आपल्याकडे, उघडूनसुद्धा बघत नाहीत" म्हणतात आणि हल्ली जेवताना गप्प असतात. विज्ञानाचं दार खरंच फक्त डिग्रीवाल्यांनाच उघडतं का? (एक मुलगी, सिन्नर)

उत्तर: ताई, बाबांचं दुःख खोटं नाहीये. दार आहे आणि ते पुष्कळदा माणूस बघूनच उघडतं. तुमच्याच जिल्ह्यातले द. रा. कापरेकर घ्या ना, देवळालीला शाळामास्तर, बीएस्सीच्या पुढे शिक्षण नाही, १९३० ते १९६२ मुलांना शिकवलं आणि सगळा वेळ आकड्यांत रमले, पुस्तिका स्वतःच छापल्या, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गणितवाल्यांनी ही नुसती करमणूक म्हणून बाजूला सारलं. १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकन या मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगभर नाव झालं, तोवर मास्तर सत्तरीला आले होते. मला याचं आजही वाईट वाटतं.

पण कापरेकरांच्या हातात काय होतं ते बघा. चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२, त्यातून चढत्या क्रमाचा २३४५ वजा करा, आले ३०८७. परत तेच करा, ८७३० वजा ०३७८, ८३५२. परत, ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येतो, आणि कुठल्याही आकड्यापासून निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोचता. हे पटवायला कुणाची सही लागत नाही, पाचवीतलं पोरगं पाटीवर तपासू शकतं.

बाबांचा प्रश्न इथेच वेगळा पडतो. १८३७ मध्ये वांट्झेल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केलं की नुसत्या कंपास आणि कोऱ्या पट्टीने प्रत्येक कोनाचे तीन भाग होऊच शकत नाहीत. कोणाला सापडले नाहीत असं नाही, होऊच शकत नाहीत. ६० अंशांचे २० करायचे तर घन समीकरण (ज्यात x चा घन येतो असं) सोडवावं लागतं आणि या दोन हत्यारांतून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमुळं एवढंच निघतं. म्हणून प्राध्यापक विषय वाचूनच कागद बाजूला ठेवतात, डिग्री बघायची वेळच येत नाही. तरीपण दोन ओळी लिहून हे कळवायला काय जात होतं? अकरा वर्षं घालवलेल्या माणसाला तेवढं मिळायलाच हवं होतं, तिथे ते लोक चुकले.

आता बाबांशेजारी बसा आणि वही बघा. दोन्ही बाजूंवर सारख्या अंतराचे बिंदू जोडून त्या रेषेचे तीन भाग केलेत का? ही सगळ्यात नेहमीची चूक. ६० अंशांना मधला कोन साधारण २१.८ येतो आणि कडेचे १९.१, बेव्हल प्रोट्रॅक्टरवर (फिटरच्या कोन मोजायच्या हत्यारावर) बाबांना लगेच दिसेल. पद्धत याहून बारीक असेल तर मोजून चूक सापडणार नाही, तेव्हा मोजमाप जुळलं एवढ्यावर सिद्ध झालं असं धरू नका. आणि त्यांनी पट्टीवर कुठे खूण केलीय का हे नक्की विचारा, फिटरचा हात खुणेकडे आपसूक जातो. खूण असेल तर पद्धत अगदी बरोबर असू शकते, आर्किमिडीजच्या नावावर तशीच एक आहे, कागदाला घड्या घालूनही कोनाचे तीन भाग होतात, फक्त तिथे खेळाचे नियम बदललेले असतात.

वहीतली मुख्य आकृती आणि पायऱ्यांची पानं फोटो काढून मला पाठवा. मी स्वतः बसून बघेन आणि अडतंय ते कुठल्या पायरीवर, ते बाबांच्या नावाने लिहून कळवेन.