फ्लो सायटोमेट्रीच्या रिपोर्टात ‘सीडी १९, सीडी १० पॉझिटिव्ह’ म्हणजे काय?

ताई, पुतण्याच्या रिपोर्टातले हे आकडे म्हणजे आजाराची पायरी नव्हे, आधी ती भीती काढून टाका. मी लातूरला लॅबमध्ये काम करते. फ्लो सायटोमेट्री म्हणजे रक्तातल्या किंवा मज्जेतल्या पेशी कोणत्या प्रकारच्या आहेत ते ओळखायची तपासणी. सीडी १९, सीडी १० ही पेशीच्या अंगावरच्या प्रथिनांची नावं आहेत. प्रत्येकाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी असते आणि तिला चमकणारा रंग जोडलेला असतो. पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात. ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरखाली एफआयटीसी नावाचा रंग हिरवा चमकतो, पीई नावाचा पिवळसर नारिंगी. कोणत्या पेशीवर कोणता रंग, हे मशीन टिपतं.

सीडी १९ ही बी-पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची खूण. सोबत सीडी १० आणि सीडी ३४ असेल तर बी-प्रकारच्या तीव्र ल्युकेमियाकडे (रक्ताच्या कर्करोगाकडे) बोट जातं. सीडी १३, सीडी ३३ असेल तर मायलॉइड या दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियाकडे. पण एका खुणेवर निदान होत नाही, निरोगी अस्थिमज्जेतल्या (हाडाच्या आतल्या मगजातल्या) कोवळ्या बी-पेशींवरही सीडी १० असतं. म्हणून पूर्ण रिपोर्ट रक्तविकारतज्ज्ञांनाच दाखवा, आणि लवकर.

पुन्हा सॅम्पल पाठवायचं झालं तर जांभळ्या टोपणाची नळी गोठवू नका, बर्फाला थेट टेकवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तर एसटीच्या डिकीत मुळीच ठेवू नका. पेशी मरतात, आणि लेकराला पुन्हा सुई सोसावी लागते.