बांधाच्या वादाविषयी

चिरंजीवास सलाम व आशीर्वाद.

काकांनी बांध कोरून तुमच्या शेतात शिरकाव केला आणि वर तुझ्या वडिलांचाच चारचौघांत पाणउतारा केला, हे तुझ्या पत्रातून समजले. तुझा राग मला गैर वाटत नाही. मात्र त्यांच्यावर मारहाणीची खोटी फिर्याद करण्याचा जो बेत तू लिहिला आहेस, त्याविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे.

बायबलच्या नव्या करारातील रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय तू मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, अनेकदा ऐकला आहेस. प्रेषित पौलाने तो इ. स. 57 च्या सुमारास, सम्राट नीरो गादीवर असताना, रोमन साम्राज्याच्या राजधानीतील विश्वासणाऱ्यांना लिहिला. सर्वांशी शांतीने राहा असे सांगताना त्याने दोन अटी घातल्या आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितके. उपदेश करणारे पुष्कळदा या अटी गाळतात, आणि मग अन्याय सोसणाऱ्यालाच अपराधी वाटू लागते. काकांनी समेट नाकारला तर तो दोष तुझ्या माथी येत नाही. तुझ्या बाजूने भांडण वाढले की नाही, एवढ्याचाच जाब तुला द्यायचा आहे.

सूड देवाकडे सोपवा, हे वचन पौलाने जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातून घेतले आणि लगेच आपल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, वाईट करणाऱ्याला शासन करणारा अधिकारी हा देवाचा सेवक आहे, असेही लिहिले. म्हणून जमिनीची मोजणी मागणे किंवा दिवाणी दावा लावणे हा सूड नव्हे. खोटी फिर्याद मात्र सूड आहे, आणि खोटी साक्ष देऊ नको या नवव्या आज्ञेचा भंगही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन लहान मुलगे यांना जमावाने गाडीत जिवंत जाळले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले आणि बारीपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा पुढे अनेक वर्षे चालू ठेवली. तरीही खटला रीतसर चालला आणि मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. क्षमा आणि न्यायालय यांचे वैर नाही, हे मला त्या प्रकरणाइतके स्पष्ट अन्यत्र दिसलेले नाही.

शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, असे केल्याने तू त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील, हे त्याच बाराव्या अध्यायातील वचन अधिक अवघड आहे. त्या निखाऱ्यांच्या राशीचा आधार घेऊन, भलाई करता करता समोरच्याला मनातल्या मनात भाजून काढणारी माणसे मी पाहिली आहेत; तोही सूडच, फक्त सभ्य वेषातला. काकांचा पंप जळाला आहे असे तूच लिहितोस, तर त्यांच्या गुरांना तुमच्या विहिरीवर पाणी पिऊ दे आणि त्याची वाच्यता गावात करू नकोस.

मोजणीचा अर्ज याच आठवड्यात दे. लगतचे खातेदार म्हणून काकांना भूमी अभिलेख कार्यालयाची नोटीस जाईलच. ती हाती पडण्यापूर्वी तू स्वतः, मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन, त्यांच्या घरी जा, अर्ज केल्याचे सांग आणि मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहण्याची त्यांना विनंती कर.

तुझा हितचिंतक