इंग्रजीत फुलस्टॉप अवतरणचिन्हाच्या आत द्यायचा की बाहेर?

अमेरिकन पद्धतीत आत. ब्रिटिश पद्धतीत, अवतरणातलं वाक्य तिथेच पूर्ण होत असेल तर आत, नाहीतर बाहेर. एक पद्धत धरा आणि पत्र संपेपर्यंत सोडू नका.

आता माझं ऐका. १९८६ साली मी एका कंपनीत स्टेनो होते. साहेबांचं तीन पानी पत्र, मूळ धरून चार प्रती, मध्ये कार्बन. टाइपरायटरवर टिंब उजव्या अनामिकेनं मारायचं, तेही हलक्या हातानं. जोर लागला की कागदाला भोक. मिनिटाला चाळीस शब्दांच्या परीक्षेआधी टायपिंग क्लासच्या सरांनी आमच्याकडून पानंच्या पानं नुसती टिंबं काढून घेतली होती. टिंबानंतर दोनदा स्पेसबार, हेही तिथलंच. (कॉम्प्युटरवर एकदाच पुरे. अजून दोनदा देणारे दिसले की समजावं, माझ्या वयाचे आहेत.)

तर साहेबांनी शेवटच्या पानावर लाल गोल केला. टिंब अवतरणचिन्हाच्या बाहेर होतं. "टायपिंग येतं, इंग्रजी येत नाही," सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले. पान परत टाइप केलं, चारही प्रतींसकट. अवतरणात होते दोनच शब्द, मशीनचं नाव. पत्रातली स्पेलिंगं सगळी ब्रिटिश. म्हणजे टिंब बाहेरच हवं होतं!

आणि यांचं स्वतःचं डिक्टेशन? "द गुड्स हॅव नॉट अराइव्हड कॉमा वी आर वेटिंग कॉमा प्लीज रिप्लाय." अहो, ही तीन वाक्यं आहेत. मराठीत "माल आला नाही, आम्ही वाट बघतोय, कळवा" बिनबोभाट चालतं. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली की चूक धरतात. तिथे टिंब द्या, नाहीतर 'अँड', 'बट' काहीतरी घाला, फार तर अर्धविराम. आपली माणसं घसरतात ती इथे. अवतरणचिन्हावरून भांडणाऱ्यांनी आधी स्वतःचे कॉमे मोजावेत.

बाकी, 'मिस्टर'च्या लघुरूपापुढे ब्रिटिश टिंब देत नाहीत, अमेरिकन देतात. 'एटसेट्रा'चं लघुरूप वाक्याच्या शेवटी आलं तर एकच टिंब पुरे.

कथा-कादंबऱ्यांत लेखक मुद्दाम कॉम्यांवर वाक्यं ओढतात, त्यांचं सोडा. आणि हो, गिऱ्हाईक अमेरिकेतलं असतं तर साहेब बरोबर ठरले असते. गिऱ्हाईक नाशिकचं होतं.

निवृत्त होताना निरोपाचं इंग्रजी भाषण त्यांनी मलाच टाइप करायला दिलं. दीड पान, टिंब एकच, अगदी शेवटी. मी एकही वाढवलं नाही.