निदान स्वीकारायचे म्हणजे पूर्वजांना नाकारायचे का?

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे मी तीन वर्षांपासून झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत, राहते आणि येथील एका शाळेत शिकवते. येथील शोना समाजातल्या माझ्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी बायपोलर विकाराचे, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल नैराश्यात जाण्याच्या आजाराचे, निदान झाले. लिथियमच्या गोळ्यांनी ती सावरली आहे. पण घरचे म्हणतात, हा ‘न्गोझी’चा, म्हणजे घराण्याने ज्याच्यावर अन्याय केला त्या मृताचा कोप आहे. आपल्याकडे ‘बाहेरचे’ म्हणतात, तसेच काहीसे. आता तीन दिवसांचा निर्जळी उपवास व प्रार्थना ठरली असून तोवर गोळ्या बंद ठेवण्याचा आग्रह आहे. तिने हे सारे झुगारून द्यावे, असे मी सांगू का?
— एक वाचक, हरारे

उत्तर : झुगारून द्यायला सांगू नका, मात्र गोळ्यांच्या बाबतीत तडजोडही नको. शरीरातील पाणी कमी झाले की रक्तातील लिथियमचे प्रमाण वाढते आणि त्याची विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब होणे, तोल जाणे ही विषबाधेची लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे लागते. उलट, गोळ्या एकाएकी थांबवल्या तर आजार उसळण्याचा धोका असतो. म्हणून निर्जळी उपवास तिने करूच नये. प्रार्थनेला तिने अवश्य बसावे.

घरच्यांना तुम्ही अडाणी समजत नसाल, असे मी धरून चालतो. मनाच्या त्रासासाठी शोना भाषेतही ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ अतिविचार करणे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेतील म्बारे भागात 2006 साली आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेरच्या बाकावर समुपदेशनाला बसवले, तेव्हा लोकांच्या तोंडी असलेला हाच शब्द वापरला. पुढे शहरातील 24 दवाखान्यांत 573 जणांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाकावर समुपदेशन घेतलेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळली. अर्थात हा बाक नैराश्य आणि चिंता यांसारख्या त्रासांसाठी आहे. बायपोलरमध्ये तो आधार देईल, औषधाची जागा घेणार नाही.

निदान स्वीकारण्यासाठी आधी आजाराच्या कारणावर एकमत झालेच पाहिजे, हा आग्रह मला घातक वाटतो. नायजेरियात अबेओकुटाजवळच्या आरो येथे मानसोपचारतज्ज्ञ थॉमस अदेओये लाम्बो यांनी 1954 पासून रुग्णांना नातेवाइकासह आसपासच्या गावांत राहू दिले, दिवसा रुग्णालयात उपचार केले आणि पारंपरिक वैद्यांनाही सोबत घेतले. कोप कोणाचा, हा वाद त्यांनी रुग्णाच्या उपचारांच्या आड येऊ दिला नाही. मात्र जेथे माणसाला साखळीने बांधतात, उपाशी ठेवतात किंवा औषध हिरावून घेतात, तेथे श्रद्धेचा मान राखण्याचा प्रश्नच उरत नाही.

तुम्ही परक्या आहात, म्हणून घरच्यांशी थेट वाद घालू नका. शोना कुटुंबात ‘तेते’, म्हणजे आत्या, हिच्या शब्दाला मोठे वजन असते आणि नाजूक गोष्टी तिच्यामार्फतच बोलल्या जातात. मैत्रिणीची संमती असेल तर उपवासाच्या आधीच तिने आत्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्यावे. निर्जळी उपवास का चालणार नाही, हे डॉक्टरांनीच त्यांना शोनातून समजावून सांगावे आणि तेथेच त्यांना विचारावे, “प्रार्थना चालू असताना हिला पाणी आणि गोळी वेळेवर मिळेल, याची जबाबदारी तुम्ही घ्याल का?” शाळेत मात्र तिच्या परवानगीशिवाय यातले अक्षरही कोणाला सांगू नका.