खाताना गुरगुरणारी मांजर

मांजर खाताना गुरगुरते म्हणून तिला रागावू नका, आणि सवय मोडायची म्हणून पुढ्यातली वाटी तर अजिबात उचलू नका. खाणं हिरावलं जाईल ही तिची भीती असते. वाटी उचलली की ती खरी ठरते.

मांजरं मुळात एकट्याने शिकार करून एकट्यानेच खाणारी. घरातल्या दोन मांजरींना शेजारी शेजारी वाढणं आपल्याला गोड वाटतं, त्यांना नाही. वाट्या वेगळ्या खोल्यांत ठेवा, निदान एकमेकींना दिसणार नाहीत अशा. दिवसाचं खाणं तेवढंच ठेवून ते चार-पाच वेळा, ठरलेल्या वेळी द्या.

तुमच्यावरच गुरगुरत असेल तर लांबूनच आवडीचा तुकडा वाटीकडे टाका आणि निघून जा. माणूस जवळ आला की खाणं वाढतं, हे तिला पटायला आठवडे लागतात. घाई नको. लहान मुलांना तेवढा वेळ दूरच ठेवा.

एक मात्र कळकळीने सांगते. शांत मांजर अचानक अशी वागू लागली, भरपूर खाऊनही वजन उतरत असेल, तर जंत, थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो. लगेच पशुवैद्याकडे न्या. स्टेरॉइडनेही भूक वाढते, तेव्हा चालू औषधं त्यांना जरूर सांगा.